झेरॉक्सनं अंग झाडलं

नाही — चाची, थांबा, त्याचं नाव नका सांगू मला. वय सांगा, दात दाखवायचे तर दाखवा, पण नाव राहू द्या. असेल ना काहीतरी, तुम्ही हाक मारत असालच — मारा, मी गेल्यावर मारा. मला फक्त बोकड पाहिजे. काळा असला तर बरं. शिंग मोडलेलं नको, कान चिरलेला नको, देवीला लागतो तसा धडधाकट. फरहा बोलली असेल ना तुमच्याशी फोनवर? वणीला ऑफिसात माझ्या शेजारच्याच टेबलावर बसते तुमची भाची. तिला मी एवढंच म्हणाले की नवसाचा बोकड पाहिजे, आणि आमच्या कळंबकडं नको, यवतमाळला तुझ्या ओळखीत कोणी असलं तर सांग. ती म्हणाली लोहाऱ्याला आमची रौशनचाची आहे, जनावर चांगलं ठेवते. बाकीचं तिला नाही सांगितलं. बाकीचं मी कोणालाच — माय वो! काय पडलं? पत्र्यावर? माकड? बरं बरं. बसते. मी दचकते चाची, लहानपणापासूनच, कुकरची शिट्टी झाली तरी माझ्या हातातलं सुटतं. तांड्यातली पोरं मुद्दाम मागून येऊन टाळी वाजवायची आणि मग दात काढायची. नाही, पाणी नको, स्टँडवर प्यायले. द्या मग. घोटभर.

काहून म्हणता एवढ्या लांब? आमच्या तांड्यात बोकडं नाहीत असं थोडंच आहे — आम्ही बंजारा लोक, घरटी चार शेळ्या असतातच. पण तिथं सगळे मला ओळखतात, माणसंही आणि बोकडंही. मला असा पाहिजे की ज्याला मी कधी पाहिलं नाही आणि ज्यानं मला पाहिलं नाही. सरळ गाडीत घालायचा, वणीच्या पलीकडं आमच्या लोकांचा एक तांडा आहे, तिथल्या मरियामाच्या पुजाऱ्याकडं सोपवायचा — मरियामा म्हणजे आमची देवी — आणि हात जोडून मागं फिरायचं. थांबायचंही नाही. घरी कोणाला कळायचंही नाही. घरच्यांचा नवस तर फिटला ना, त्यांच्या हिशोबानं. मागच्या महिन्यातच फिटला, सगळं गाव जेवलं. हा दुसरा आहे तो माझ्या एकटीचा. आणि हा बोकड इकडं कायले येऊन राह्यला? बांधलेला नाही का? असू द्या, असू द्या, नका मारू. ओढणीच चावतो आहे, चावू द्या.

पहिल्याचं सांगू? मी नाव घेते, हसायचं तर हसा — झेरॉक्स. माझ्या भावानं, सुनीलनं ठेवलं. जन्मला तेव्हा हुबेहूब आईसारखा, काळाभोर आणि डाव्या डोळ्यावर पांढरा ठिपका, तिचा होता तस्साच. सुनील म्हणाला, ही तर झेरॉक्स मारली बबिता. तेच पडलं. मी तेव्हा पहिल्यांदा परीक्षेत नापास झालते, तीन मार्कांनी, आणि आठ दिवस घराबाहेर पडले नव्हते. त्याच आठवड्यात माझ्या याडीनं — आईनं — नवस बोलला, पोरीला सरकारी नोकरी लागू दे, हा बोकड तुझा. दोन महिन्यांचा झाला तसा त्याच्या गळ्यात लाल धागा बांधला. म्हणजे मला माहीत होतं चाची. मला माहीतच नव्हतं असं मी कोणाला सांगत नाही. पहिल्या दिवसापासून माहीत होतं तो कोणाचा आणि कशासाठी. तरी मी त्याला बाटलीनं दूध पाजलं, कारण शेळीला दूध कमी होतं, आणि याडीला रोजानं जायचं असायचं, मग घरी कोण — मी. नापास झालेली, रिकामी.

अभ्यास गोठ्यातच करायची. घरात टीव्ही, सुनीलचे मित्र, येणारे-जाणारे विचारणार, झालं का गं तुझं? गोठ्यात कोणी विचारत नव्हतं. मोठ्यानं वाचायची सवय मला, तो शेजारी बसून रवंथ करायचा, मान हलवायचा, जणू सगळं समजून राह्यला. एकदा चालू घडामोडींचं पूर्ण पुस्तक खाल्लं त्यानं. सहा महिन्यांच्या घडामोडी. मी रडले आणि मग हसले — आणि मग फरहाकडून, तेव्हा ती क्लासला सोबत होती, तिचं पुस्तक आणून पुन्हा हातानं उतरून काढलं, आणि खरं सांगते, त्या उतरून काढण्यानंच माझे मार्क वाढले. म्हणजे नोकरीत त्याचाही वाटा आहेच. मी जितकं पाठ करायची तितका त्याचा दिवस जवळ येत होता, हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. आलं होतं. एकदा तर वाटलं मुद्दाम पेपर सोडून यावा — नाही. तसं नाही वाटलं. आत्ता सांगताना बरं दिसतं म्हणून म्हणाले. मला पास व्हायचं होतं. खूप व्हायचं होतं.

अंघोळ घालायची मी त्याला, ती चूक. तुम्ही हसता, बरोबर आहे, बकऱ्याला कोण अंघोळ घालतं. पण मोठा झाल्यावर वास इतका यायला लागला की माझ्या वह्यांना वास, केसांना वास, क्लासमधल्या पोरी नाक धरायच्या. मग दर रविवारी नळावर न्यायची. आधी आधी तो ओरडायचा, पाण्याला किती भितात तुम्हाला तर माहीतच — हळूहळू सवय झाली. इतकी सवय झाली की भिजून तसाच उभा राहायचा, निथळत, आणि मग खोकायचा. म्हणून मी त्याला शिकवलं. पाणी ओतून झालं की जिभेनं असा आवाज — नाही, नको, इथं नाही करत, हा पाहून राह्यला माझ्याकडं — टाळूला जीभ लावून दोनदा, टक टक, की त्यानं सगळं अंग झाडायचं, नाकापासून शेपटीपर्यंत, आणि मग माझ्या मुठीतले फुटाणे खायचे. पंधरा दिवसांत शिकला. मी म्हणायची याला पण कोणतीतरी परीक्षा द्यायला लावली पाहिजे.

आता तुम्हाला आमचं माहीत आहे की नाही — देवीसमोर बोकड उभा करतात, हळद-कुंकू लावतात आणि पाठीवर पाणी ओततात. त्यानं अंग झाडलं म्हणजे देवीनं घेतलं. नाही झाडलं तर नाही घेतलं, मग त्याला हात लावायचा नाही. साधं आहे. कोणताही बोकड झाडतोच, एक लोटा ओतला की झाडतो, मी शंभरदा पाहिलं लहानपणापासून, कधी मनातही आलं नाही की — म्हणजे त्या दिवशी मोहाच्या झाडाखाली उभी होते, नवी साडी नेसून, आणि तोपर्यंतसुद्धा मनात आलं नव्हतं. पहिला लोटा ओतला. उभा. दुसरा ओतला. उभा, पोटाखालून पाणी टपटप आणि हा आपला शांत. बायका कुजबुजायला लागल्या. आमचे नाईक, म्हणजे तांड्याचे मुख्य, नानाजी, सत्तरीचे आहेत, ते म्हणाले पाणी कोमट असन, विहिरीचं आणा. विहिरीचं आणलं. तिसरा. आणि तो मान वळवून माझ्याकडं पाहून राह्यला, चाची. सगळ्या तांड्यात मला एकटीलाच माहीत होतं तो कशाची वाट पाहतो ते.

मी बोलायला पाहिजे होतं. सांगता आलं असतं, नानाजी, याला पाण्याची सवय आहे, याचं झाडणं न झाडणं धरू नका. किंवा काहीच न बोलता उभं राहायचं. तेवढंच. उभं राहायचं फक्त. कारण नानाजी म्हणाले होते, आणखी एक लोटा पाहू, नाही तर सोडून देऊ देवीच्या नावानं, फिरू दे त्याले. ऐकलं ना मी. स्पष्ट ऐकलं. असे सोडलेले असतात ना, कोणी हात लावत नाही, म्हातारे होऊन मरतात. एक लोटा. पण तोवर याडीनं पदर पसरला होता देवीसमोर, आणि सगळ्यांच्या देखत आपल्या चुका सांगायला लागली — की मागच्या वर्षी भोग उशिरा दिला, की एकदा तांदूळ उसने आणून नैवेद्य केला, की नवऱ्याशी खोटं बोलली — अशा अशा गोष्टी चाची, की पोरीनं आईच्या तोंडून ऐकू नये. आणि रडून राह्यली. तिकडं पातेली चढलेली, मसाला वाटून तयार, दीडशे माणूस उपाशी. आणि आमची हंसाबाई काकू, तिचा पोरगा दोन वर्षं माझ्याच परीक्षेला बसला, नाही लागला, ती म्हणाली — हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं — "नोकरी खरी हाय ना पण पोरीची? नाई, खोट्याचं देवी घेत नाई म्हनून इचारलं." आणि लोक हसले. थोडेच हसले. पण हसले.

मग चौथा लोटा ओतला, तिकडं स्वयंपाकाकडं पातेल्यावरचं झाकण खडकावर पडलं, केवढ्यानं वाजलं, आणि मी दचकले. मी दचकले की जीभ अशी टाळूला चिकटते माझी. आवाज झाला तोंडातून. झाला. आणि त्यानं अंग झाडलं — काय झाडलं चाची, इतक्या वेळाचं साचलेलं पाणी, नानाजीच्या धोतरावर, याडीच्या तोंडावर, माझ्यावर. मरियामाचा जयजयकार झाला. याडी उठली आणि मला कवटाळलं तिनं. आणि तो — तो चालत माझ्याकडं आला. फुटाणे घ्यायला. माझ्या मुठीला नाक लावलं. लोक म्हणाले पाहा पाहा, पोरीचा निरोप घ्यायला आला, जनावर असून समजते. तिथूनच नेला त्याला.

मी तिथं नाही थांबले. नळावर गेले.

काय? हो. जेवले. आमच्यात ज्याच्यासाठी नवस त्यानं पहिला घास घ्यावा लागतो, त्याशिवाय पंगत बसत नाही. तोंडात घेतला, गिळला, तेवढंच. तेवढंच ठरवलं होतं. — नाही. तुम्ही अशा पाहता की मग खोटं बोलता येत नाही, फरहा पण तशीच पाहते. रस्सा मी दुसऱ्यांदा मागून घेतला. चांगला झाला होता. वास आला तेव्हापासून भूक लागली होती मला, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आणि शरीराला कोण समजावून सांगणार की हा कोण आहे. भाकरी कुस्करून खाल्ली. नळी फोडून खाल्ली. याडी वाढत होती आणि म्हणत होती खा माय, तुझाच हाय. रात्री मला वाटलं उलटी होईल — नाही झाली. मस्त झोप लागली, चाची. त्याचीच जास्त भीती वाटते.

तेव्हापासून मी मटण बंद केलंय असंही नाही. मागच्या बुधवारी वणीला डब्यात घेतलं, फरहाच्या घरचं. ते गेलं खाली. कोणाचं होतं माहीत नाही, कुठं जन्मला, कोणी बाटलीनं पाजलं का, काही माहीत नाही, आणि छान गेलं. म्हणजे ओळख असली की पाप आणि ओळख नसली की जेवण — असं कसं असेल? त्या बुधवारच्याला काही कमी लागलं असेल का? मी बी.एस्सी. झाले आहे चाची, मला सगळं माहीत आहे, मेंदू, नसा, सगळं. पण रोज सकाळी खुर्चीवर बसताना वाटतं आज कोणीतरी दारातून येणार आणि म्हणणार, बबिता बाबुलाल राठोड कोण, तुमचं नाव चुकून लागलं. देवीनं तर हो म्हटलंच नव्हतं ना. हो मी म्हटलं. तिच्या जागी मी. मग नवस फिटला का? नाही फिटला, तर ही नोकरी कोणाच्या जोरावर? आणि फिटला नसेल तर तो कशासाठी गेला, दीडशे माणसाच्या रस्स्यासाठी? म्हणून मी म्हटलं दुसरा द्यावा, चोख, काहीही न शिकवलेला, त्यानं स्वतःच्या मनानं झाडावं अंग. म्हणून आले.

तुम्ही काय म्हणालात? पुन्हा सांगा. तुमच्याकडं घरच्या कुर्बानीचा विकत नाही आणत? घरचाच, हातानं चारलेला? आणि रडता? दरवर्षी? आणि मग जेवताही. ...ज्याचं काही वाटत नाही तो देण्यात काय आहे, असं तुमचे सासरे म्हणायचे. हं. नाही, वाईट नाही वाटलं. खरंच आहे. म्हणजे मी आत्ता इथं काय करून राह्यले, तर मला दुखणार नाही असा शोधून राह्यले. अनोळखी. डोळे मिटून सोपवायचा, मागं फिरायचं. पहिल्यांदा देवीला फसवलं, आता पुन्हा तेच, फक्त तांडा दुसरा.

एक सांगू? आता सांगितलंच आहे सगळं तर. झाकण नंतर पडलं.

आधी माझा आवाज, मग झाकण. मला पक्कं आठवतं, कारण तो अंग झाडत होता तेव्हा ते वाजलं आणि मी खरी दचकले ती तेव्हा. जिभेचं मी केलं. हंसाबाई काकू हसली आणि मला वाटलं, थांब, दाखवते, माझी नोकरी खरी आहे, रात्र रात्र जागून मिळवली आहे, दाखवते तुला देवी हो म्हणते ते. सगळ्यांसमोर हो पाहिजे होतं मला. एवढ्यासाठी. याडीच्या रडण्यासाठी नाही हो, ते मी सगळ्यांना सांगायला ठेवलं होतं, कधी सांगावंच लागलं तर. माझ्या मानासाठी. आणि आवाज करताना मला माहीत होतं की तो ऐकणार, कारण तो माझं कधीच टाळत नव्हता.

दुपट्टा पूर्ण खाल्ला की ह्यानं. नाही, राहू द्या, जुनाच आहे. कान किती गरम आहे ह्याचा. ...नको, चाची. हा नको. ह्याला तर मी आता ओळखते. दुसरा काढू नका, तो पण इथं येऊन उभा राहीलच, आणि मी आहेच अशी, अर्ध्या तासात त्याच्याशीही बोलायला लागेन. मला बोकड घ्यायचा नाही. मी विचार करून सांगते असंही नाही म्हणत. घ्यायचाच नाही. याडीला सांगते. मग दुसरा द्यायचा, की माफी मागायची, की नानाजीनं काय दंड लावायचा, ते त्यांचं. दुसरा दिला तर मी समोर उभी राहीन, तोंड मिटून, आणि त्यानं नाही झाडलं अंग तर नाही झाडलं. ती रडेल. तांड्यात तोंड दाखवायले जागा राहणार नाही तिले, आणि काकू तर — काकूचं सोडा.

नाही, गाडीत बसले की हिंमत जाईल माझी, मी मला ओळखते. इथूनच फोन लावते तिला. तुम्ही बसा. किंवा जा. बसा. वाजून राह्यला... याडी? हो, मीच. नाही, ट्रेनिंगचं तुला खोटं सांगितलं होतं, यवतमाळलाच आहे पण. जेवली का? काही नाही झालं, तब्येत बरी आहे. मराठीतच बोलते याडी, आपल्या बोलीत माझ्यानं निघणार नाही हे. ऐक. मधी बोलू नको. त्या दिवशी झेरॉक्सनं अंग झाडलं, ते देवीनं नाही. मी झाडायला लावलं. मी शिकवलं होतं त्याला, आवाज केला की झाडायचं, आणि मी आवाज केला. मुद्दाम. नानाजी त्याला सोडणार होते आणि मी आवाज केला.

याडी?

...चाची, ती बोलून नाही राह्यली. नाही, कापला नाही फोन, श्वास ऐकू येतो तिचा. तुम्ही जा. जा ना, तुमच्या बकऱ्यांचं पाणी राहिलं असेल. मी धरून बसते फोन.